पोस्टाच्या पेटीपर्यंत

बारा मार्च, मंगळवार, आकाश स्वच्छ, वारा पडलेला, सकाळी साडेनऊला सावलीत एकोणतीस अंश… आता तुम्ही म्हणाल, हा माणूस गाडीची रडकथा सांगायला उभा राहिला आणि हवामान काय सांगत बसलाय! तुम्हाला सांगतो, मला हवामानाची हौस नाही. पण गाडी बंद पडली की रस्त्यावरचा प्रत्येक माणूस, म्हणजे ज्याने जन्मात कधी सायकलची चेनसुद्धा बसवली नाही तोसुद्धा, जवळ येतो, कमरेवर हात ठेवतो, बॉनेटकडे बघतो आणि म्हणतो, "गरम झाली असेल." अरे, कशाने गरम होईल? दोनशे चाळीस पावलं चाललीय ती! आमच्या फाटकापासून पोस्टाच्या पेटीपर्यंत दोनशे चाळीस पावलं, माझी, चपला घालून. मोजलीत. वहीत आहे.

सगळंच वहीत आहे. पाणीपुरवठ्याच्या कचेरीत सत्तावीस वर्षं मी लोकांच्या मीटरचे आकडे तपासतोय, त्यामुळे हाताला सवय. बायको म्हणते, "अहो, तुम्ही शिंकलात तरी वेळ लिहून ठेवाल." असं काही नाही. एकदाच लिहिली होती, आणि ती सलग अकरा आल्या म्हणून.

तर गाडी. गाडी माझी नाही, आमच्या दाजींची. दाजी म्हणजे आक्काचे यजमान, आणि आक्का म्हणजे माझी थोरली बहीण, माझ्याहून सतरा वर्षांनी मोठी, त्यामुळे मी चोपन्न वर्षांचा झालो, डोक्यावरचे निम्मे केस गेले, तरी तिच्या लेखी मी "छोट्या". दाजी गेले आणि आक्का आमच्याकडे राहायला आली, तिच्याबरोबर दोन ट्रंका आल्या, एक शिवणयंत्र आलं आणि ही गाडी आली. चौतीस वर्षांची गाडी. आणि आक्का दुसऱ्या कुठल्याच गाडीत बसत नाही. टॅक्सी म्हटलं की तिला मळमळतं. बस म्हटलं की गुडघा दुखतो. दाजींच्या गाडीत बसली की मळमळ नाही आणि गुडघा नाही… आहे की नाही कमाल?

बरं, तिला कुठे जायचंच नसतं तर प्रश्न नव्हता. गाडी अंगणात उभी राहिली असती, मी रविवारी पुसली असती, सगळे सुखी. पण आक्काच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. डावा तर पार पिकलेला. चहा ओतते तो कपाच्या शेजारी. माणसं ओळखते ती पावलांवरून. कान मात्र असे तिखट की मी स्वयंपाकघरात साखरेच्या डब्याचं झाकण उघडावं, तेही श्वास रोखून, की आतल्या खोलीतून हाक येते, "छोट्या, एकच चमचा." डॉक्टर म्हणाले, डावा डोळा लवकर करून टाका, जितका उशीर तितका तो कडक होणार आणि मग काढायला अवघड. शस्त्रक्रिया गुरुवारी, सकाळी आठला हजर राहायचं. मी तारीख घेतली, बावीस फेब्रुवारी. आणि आक्काला शब्द दिला, की तुला दाजींच्याच गाडीतून नेतो. तिथेच चुकलो. कारण शब्द दिला मी आणि पाळायचा गाडीने!

बावीस फेब्रुवारीला आक्का सात वाजता पिशवी मांडीवर घेऊन गाडीत बसली. मी किल्ली फिरवली. खर्रर्र. पुन्हा खर्रर्र. पाऊण तास मी खर्रर्र करत होतो आणि ती शांतपणे समोर बघत बसली होती, समोर म्हणजे तिला जे काय धुरकट दिसत असेल ते. शेवटी दार उघडून उतरली आणि म्हणाली, "राहू दे छोट्या. गाडी नीट झाली की बघू."

हे वाक्य लक्षात ठेवा. गाडी नीट झाली की बघू. या वाक्याने माझी झोप नाही उडवली, झोप मला चांगली लागते, पण दिवसा मला एका जागी बसवेना. कचेरीत आकडे तपासताना मी पाय हलवायला लागलो. शेजारच्या टेबलावरची बाई म्हणाली, तुमच्या पायामुळे माझा शिक्का वाकडा उमटतो.

नाक्यावरच्या मिस्त्रीला बोलावलं. त्याने बॉनेट उघडलं, एक नळी काढली, हुंगली आणि म्हणाला, "पंप मेला." जुन्या गाडीत कसं असतं, पेट्रोल ओढायचा पंप इंजिनालाच चिकटलेला असतो, इंजिन फिरलं की तो आपोआप चालतो, आत एक रबराचा पडदा असतो. तो पडदा फाटला होता. म्हटलं, मग नवा टाक. तर म्हणतो, "साहेब, हा पडदा बनवणारे म्हातारे होऊन घरी बसले. आता विजेवर चालणारा पंप टाका. दोन वायरी आणि एक नळी, अर्ध्या दिवसाचं काम. उद्या करून देतो."

आता शहाण्या माणसाने काय केलं असतं? "दे" म्हटलं असतं. मी म्हटलं, "आणि सुरक्षेचं काय?" मिस्त्री म्हणाला, "कसली सुरक्षा?" बस! तिथे माझ्यातला स्वयंशिक्षित माणूस जागा झाला. मी स्वतः वाचून काढलं, चार दिवस, आणि तुम्हाला सांगतो, अंगावर काटा आला. जुना पंप इंजिन थांबलं की थांबतो. पण विजेच्या पंपाला बिचाऱ्याला काही कळत नाही. समजा गाडी आपटली, इंजिन बंद पडलं, नळी तुटली, माणूस भांबावला, किल्ली तशीच चालू राहिली, तर हा आपला मागून पेट्रोल ढकलतच राहणार, तापलेल्या इंजिनावर! आणि शेजारी कोण बसलेलं? आक्का! मग? अर्ध्या दिवसाचं काम म्हणे.

म्हणून मी दोन पहारेकरी नेमले. पहिला इंजिनच्या तेलावर लक्ष ठेवणार : तेलाला दाब असेल, म्हणजे इंजिन फिरत असेल, तरच पंपाला वीज. आणि दुसरा, आमचा हिरो, धक्क्याचं बटण. एवढीशी डबी असते, आत लोखंडाची गोळी लोहचुंबकावर बसवलेली. गाडीला जोराचा दणका बसला की गोळी जागची उडते, डबीवरचं बटण टक् करून वर येतं आणि पंपाची वीज तुटते. पुन्हा चालू करायचं तर बटण बोटाने खाली दाबायचं. काय सुंदर वस्तू आहे! मी ती दोन दिवस टेबलावर ठेवून नुसती बघत होतो. बायको म्हणाली, "मी नवीन कानातले आणले तेव्हा इतकं बघितलं नव्हतंत."

तीन मार्च आणि दहा मार्च, दोन रविवार, मी हे सगळं स्वतः बसवलं. पंप मागे टाकीजवळ, आणि त्याच्या घूं घूं आवाजाचा आक्काला त्रास नको म्हणून रबराच्या दुहेरी पट्टीत, इतका गप्प की मला आत बसून ऐकूच येईना. धक्क्याच्या बटणाबरोबर एक माहितीपत्रक आलं होतं, ते हरवू नये म्हणून मी वहीत चिकटवलं, चारही कडांना खळ लावून, एक सुरकुती नाही. त्यात आकृती होती : मजबूत जागी बसवा. गाडीत मजबूत जागा कोणती? पुढच्या डाव्या दाराचा खांब. वायरही तिथून सरळ जाते, काटकोनात. मिस्त्री बघायला आला होता, त्याने भुवई वर केली, म्हणाला, "तिथे?" म्हटलं, "मजबूत आहे." तो म्हणाला, "आहे खरी." आणि तंबाखू मळत गेला.

आणखी एक केलं मी. आक्काला नीट दिसत नाही, तिचा पाय चुकून बटणाला लागेल, म्हणून त्यावर प्लायवूडची छोटी पेटी केली, पॉलिश करून, आणि वर बोट जाईल एवढंच भोक. बटण दिसत नाही, पण दाबता येतं. वाटलं, झालं! आता आक्का सुखरूप.

बारा मार्च. तेच ते, आकाश स्वच्छ, एकोणतीस अंश. रजा टाकून घरी, म्हणजे गुरुवारी मिळालेल्या नव्या तारखेआधी एक रंगीत तालीम. माझी पद्धत अशी : आधी मी एकटा गाडी सुरू करतो, दोन मिनिटं तशीच चालू ठेवतो, मग आक्काला आणतो. आक्का आली, बसली, तिने दार लावलं. आक्का दार लावते म्हणजे समोरच्या गच्चीवरची कबुतरं उडतात. लग्नाच्या पहिल्याच आठवड्यात एका वळणावर तेव्हाच्या गाडीचं दार आपोआप उघडलं होतं आणि ती अर्धी बाहेर गेली होती, तेव्हा दाजींनी शिकवलं, दार असं लावायचं की शेजाऱ्यांना कळलं पाहिजे. चाळीस वर्षं ती शेजाऱ्यांना कळवतेय… म्हणजे हिच्या आधीच्या गाडीपासून. गाडी बदलली, दणका तोच. आम्ही निघालो. फाटकाबाहेर, उजवीकडे, हलक्या चढावर, गाडी कशी लोण्यासारखी चाललेली, मी आक्काला म्हटलंसुद्धा, "बघ, आवाज बघ," आणि पोस्टाच्या पेटीपर्यंत आली, दोन आचके दिले आणि बंद.

पोस्टाच्या पेटीसमोर शिंप्याचं दुकान आहे. शिंपी गळ्यात टेप अडकवून बाहेर आला, कमरेवर हात ठेवले आणि… बरोबर! "गरम झाली असेल."

रस्त्यात पेट्रोलचं काम करायचं नाही, हा माझा नियम, वहीच्या पहिल्या पानावर लाल शाईने : दुरुस्ती अंगणात, वाळूची बादली शेजारी ठेवून. उतार घराकडेच आहे, म्हणून गाडी मागच्या मागे सोडली, ब्रेकवर पाय ठेवून, मान मागे वळवून, अंगणात. आक्का उतरली. "राहू दे छोट्या. गाडी नीट झाली की बघू." मी बादली ठेवली आणि यादी काढली. माझी चौदा कलमांची तपासणी-यादी आहे. कलम एक, धक्क्याचं बटण दाबून खात्री करणे. आता अपघात झालाच नव्हता, तर बटण उडेल कशाला? पण यादी म्हणजे यादी. भोकात बोट घालायचं, दाबायचं, बरोबरची खूण करायची, पुढे. कलम दोन, फ्यूज. तीन, वायरींची टोकं. असं करत चौदा. मग किल्ली फिरवली आणि गाडी सुरू! एका झटक्यात! पोस्टाच्या पेटीपर्यंत नेली, पुढे चौकापर्यंत नेली, पुढे रेल्वेच्या फाटकापर्यंत नेऊन आणली. काहीही नाही.

चौदा मार्च, गुरुवार. शस्त्रक्रियेची दुसरी तारीख. पहाटे यादी, चौदा कलमं, सगळं बरोबर. इंजिन चालू. आक्का आली, बसली, कबुतरं उडाली, निघालो… कुठपर्यंत? तुम्हीच सांगा. पोस्टाच्या पेटीपर्यंत. शिंपी दुकानाची फळी उघडत होता. तो नुसतं "आज पण?" म्हणाला. त्या "पण"वर त्याने असा काही जोर दिला की मला त्याच्याकडे शिवायला टाकलेली पॅंट परत मागावीशी वाटली.

बायको म्हणाली, अहो, टॅक्सी बोलवा. आक्का म्हणाली, तिला मळमळतं. बायको म्हणाली, "वन्सं, डोळे मिटून बसा, अर्ध्या तासाचा प्रश्न आहे." आक्का म्हणाली, "डोळे मिटून काय आणि उघडून काय." आणि खरं सांगू का, मीही टॅक्सी बोलावली नाही. का नाही बोलावली? कारण पंप मी बसवला होता! बायकोने ते ओळखलं. आत जाताना तिने हळूच विचारलं, "तुम्हाला आक्कांना न्यायचंय की पंपाला?"

दवाखान्यातल्या बाईला फोन केला. आता मिळेल ती तारीख अठ्ठावीस मार्च, त्यानंतर डॉक्टर दोन महिने बाहेर, म्हणजे थेट जून. आणि तिने कागद बघून सांगितलं, डाव्या डोळ्यासमोर डॉक्टरांनी लाल खूण केलीय, जूनपर्यंत थांबू नका.

त्या दोन आठवड्यांत मी काय केलं नाही ते विचारा! एकट्याने एकतीस फेऱ्या मारल्या. थंड गाडी, गरम गाडी, अर्धी टाकी, पूर्ण टाकी. एकतीसपैकी एकतीस वेळा पोस्टाच्या पेटीच्या पुढे गेली. शिंपी आता हातही हलवेना, शिवता शिवता मान वर न करता मोजायचा बहुतेक. बायकोला मागच्या सीटवर बसवून नेलं, गेली. मग मला वाटलं, वजनाचा प्रश्न असेल, डाव्या बाजूचा. आक्काला रेशनच्या दुकानातल्या काट्यावर उभं केलं, अठ्ठावन्न किलो. अठ्ठावन्न किलो गव्हाचं पोतं आणलं, आक्काच्या सीटवर बसवलं, पट्टा लावला, दार अलगद दोन बोटांनी मिटलं, मी दारं तशीच मिटतो, बिजागऱ्या जुन्या आहेत, आणि निघालो. पोतं घेऊन गाडी अठरा किलोमीटर गेली! परत आली! म्हणजे मी जगातला पहिला माणूस असेन की ज्याने गव्हाला फिरवून आणलं आणि बहिणीला नाही.

चोवीस मार्च, रविवार, पुन्हा आक्का. पोस्टाच्या पेटीपर्यंत. बंद. आक्का समोर बघत म्हणाली, "गहू चालतात तिला. मीच नको असेन." हे ती अगदी साध्या आवाजात म्हणाली. दाजींची गाडी. तिच्या नवऱ्याची. आणि ती तिलाच… नाही, मी तुम्हाला सांगतो, त्या दिवशी मी जेवताना तीनदा उठलो. बायको म्हणाली, एक घास तरी बसून खा.

संध्याकाळी मिस्त्रीकडे गेलो, नाक मुठीत धरून. त्याला यादी दाखवली. त्याने चौदाही कलमं वाचली, कागद पालथा केला, मागे काही आहे का बघितलं. म्हणाला, "गाडी अंगणात नेली की सुरू होते?" म्हटलं, हो, यादी पूर्ण केली की लगेच. "म्हणजे चौदा कलमांतल्या कुठल्यातरी एकाने होते." म्हटलं, उघड आहे. "कुठल्या?" म्हटलं, तेच तर कळत नाही. मिस्त्री म्हणाला, "साहेब, एक कलम, मग किल्ली. दुसरं कलम, मग किल्ली. तुम्ही चौदा गोळ्या एकदम गिळता आणि विचारता, ताप कशाने गेला." मला राग आला. सत्तावीस वर्षं नोंदी तपासतोय मी! तरी वहीत लिहून ठेवलं, बारीक अक्षरात.

अठ्ठावीस मार्च, गुरुवार. आकाश स्वच्छ, वारा हलका, सकाळी सातला एकवीस अंश. गाडी चालू, दोन मिनिटं. बायको फाटकात उभी, हातात फोन, टॅक्सीचा नंबर लावून तयार. वाळूची बादली मी आदल्या दिवशीच डिकीत ठेवली होती, म्हणजे बघा, माझा माझ्यावर किती विश्वास! आक्का बसली. दार. कबुतरं. सात वाजून बारा मिनिटांनी निघालो. फाटक, शाळेची भिंत, विजेचा खांब, पिठाची गिरणी…

पोस्टाच्या पेटीपर्यंत.

शिंपी बाहेर आला. या वेळी त्याने फक्त आपलं स्टूल आणून आक्काच्या खिडकीशी ठेवलं आणि त्यावर पाण्याचा तांब्या ठेवला. तुम्हाला सांगतो, माणसं हसली तर परवडतात. अशी चांगली वागायला लागली की मग कळतं, आपण कुठपर्यंत आलोय.

सात पंधरा. दवाखाना बावीस मिनिटांवर. गाडी मागे अंगणात न्यायची, चौदा कलमं करायची, त्याला लागतात पंचेचाळीस मिनिटं. जमत नाही. लाल शाईचा नियम मोडला मी, आयुष्यात पहिल्यांदा. डिकीतून बादली काढली, चाकाशी ठेवली, यादी काढली आणि मनात म्हटलं, ठीक आहे मिस्त्री, एक कलम मग किल्ली, बघू या तुझं शहाणपण. कलम एक. आक्काच्या पायाशी वाकलो, पेटीच्या भोकात बोट घातलं, दाबलं. बरोबरची खूण. आता याने काय होणार? अपघात झालेला नाही! पण त्याच्या नाकावर टिच्चून दाखवायला, केवळ वहीत "परिणाम शून्य" लिहायला मिळावं म्हणून, मी फिरून माझ्या जागेवर गेलो आणि किल्ली फिरवली.

सुरू!

मी पेन हातात धरून तसाच बसलो. इंजिन आपलं छान चाललेलं, शिंपी तोंड उघडं टाकून उभा, आणि मी कलम एककडे बघतोय. बटण. बटण उडालेलं होतं? पण धक्का कुठे बसला? गाडी कुठे आपटली? मी आक्काकडे बघितलं. ती पिशवी मांडीवर धरून सरळ समोर बघत होती. फारच सरळ. माझ्या लहानपणी कपाटातली चिंच संपली की ती अशीच समोर बघायची.

म्हटलं, "आक्का."

ती म्हणाली, "काय रे?"

"हे बटण उडालं होतं."

तिने मांडीवरची पिशवी सरळ केली. मग म्हणाली, "टक् झालं होतं खरं."

"कधी?"

"दार लावलं तेव्हा. दरवेळी होतं. टक् होतं, आणि मागची घूं घूं थांबते. मग गाडी या शिंप्यापर्यंत येते."

म्हणजे पंप बंद, आणि कार्बुरेटरच्या वाटीत उरलेल्या पेट्रोलवर गाडी दोनशे चाळीस पावलं यायची! मला ती घूं घूं कधी ऐकूसुद्धा आली नाही, आणि हिला दुहेरी रबरातून, चालू इंजिनात ऐकू येत होती! मी एकतीस फेऱ्या मारल्या. मी गव्हाला पट्टा लावून अठरा किलोमीटर फिरवलं. कचेरीतल्या बाईचा शिक्का महिनाभर वाकडा उमटला. आणि हिला पहिल्या दिवसापासून माहीत!

म्हटलं, "मग सांगितलं का नाहीस?"

आक्का म्हणाली, "सांगितलं असतं तर चौदा तारखेलाच नेलं असतंस."

आता बोला.

ती पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत होती, सोडत होती, पुन्हा गुंडाळत होती. मग एकदम हळू, शिंप्याला ऐकू जाऊ नये इतकं हळू म्हणाली, "जागेपणी करतात म्हणे. डोळ्यात सुई येताना दिसते. मला कपात चहा दिसत नाही, पण सुई दिसली तर?"

एकाहत्तर वर्षांची माझी आक्का. मला पोहायला शिकवताना विहिरीत ढकलणारी. म्हटलं, "परत जायचं का? उतार घराकडेच आहे." आणि मी मनापासून विचारलं हो, तिला डिवचायला नाही. तिने विचार केला. इंजिन चालू, सात अठरा. मग तिने हात बाहेर काढला, चाचपत स्टुलावरचा तांब्या घेतला, दोन घोट पाणी प्याली, तांब्या शिंप्याच्या हातात दिला आणि म्हणाली, "चल. पण तू बाहेर बसायचं नाहीस. खोलीच्या दारात उभं राहायचं. तुझ्या चपला वाजव मधूनमधून."

सात वाजून एकेचाळीस मिनिटांनी पोचलो. दवाखान्यातल्या बाईने मला शस्त्रक्रियेच्या खोलीच्या दारात उभं राहायला मनाई केली, मी काचेच्या पलीकडे उभा राहिलो. डाव्या डोळ्याला सोळा मिनिटं लागली. सोळाही मिनिटं मी चपला वाजवत होतो. एक परिचारिका दोनदा येऊन विचारून गेली की स्वच्छतागृह हवंय का. सुई दिसली नाही, असं आक्काने बाहेर आल्यावर सांगितलं. चपला ऐकू आल्या.

घरी येऊन पहिलं काम काय केलं असेल? वही उघडली. ते माहितीपत्रक. वाटलं, बघू तरी, दाराचा काही उल्लेख आहे का. पुढच्या बाजूला नव्हता. मागच्या बाजूला? मागची बाजू मी वाचलीच नव्हती, म्हटलं तेच दुसऱ्या भाषेत असेल, आणि चारही कडांना खळ लावून, एक सुरकुती न पाडता… किटली ठेवली. वाफेवर धरून पान सोडवलं, वीस मिनिटं. मागे, जाड अक्षरात, चौकटीत, पहिलंच वाक्य : दरवाजाच्या खांबावर बसवू नये. बायको मागून वाचत होती. तिने नुसता गॅस बंद केला.

दुसऱ्या दिवशी डोळ्यावरची पट्टी सुटली. आक्काने सगळ्यांत आधी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "अरे, तुला टक्कल कधी पडलं?"

धक्क्याचं बटण मी तिथून काढलं आणि डिकीत मागच्या मजबूत पत्र्यावर बसवलं, माहितीपत्रकाच्या दोन्ही बाजू वाचून. उजव्या डोळ्याचीही तारीख घेतली. डॉक्टरांचं बाहेर जाणं पुढे ढकललं गेलं होतं, त्यामुळे अकरा एप्रिल मिळाली. आणि त्याआधी, अर्थातच, चाचणी.

सात एप्रिल, रविवार, ढगाळ, वारा मंद, सकाळी दहाला सव्वीस अंश. पुढचं डावं दार आपटणे, आक्काच्या हातून, इंजिन चालू ठेवून. ठरलेली संख्या चाळीस. मी डिकीशी बसून मोजले. बटण उडालं : शून्य वेळा. त्यानंतर पोस्टाच्या पेटीपर्यंत गेलो, आणि पुढे गेलो. येताना आक्काने शिंप्याच्या दुकानाची पाटी मोठ्याने वाचली. अंगणात आलो. मी वही मिटली. आक्का उतरली आणि तिने एकेचाळिसाव्यांदा दार आपटलं, न सांगता. दाराची काच फुटून आत पडली. मिस्त्रीला विचारलं, ती काच बनवणारेही म्हातारे होऊन घरी बसलेत.

उजवा डोळा : अकरा एप्रिल खोडलं. आक्का म्हणते, उघड्या खिडकीतून डोळ्यात धूळ जाईल. काच बसली की बघू.